अम्मीची न संपणारी रातपाळी

(जळगाव येथे झालेल्या युवक शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला 'तरुण आणि तंत्रज्ञान' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. मी त्यांना म्हटलं, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला आपल्या घरांतल्या एका कामाबद्दल बोलू द्या, ज्याला कुणी काम समजत नाही. त्यांनी होकार दिला, त्यांचा आभारी आहे.

मी डॉक्टर नाही, मौलाना नाही, वकीलही नाही. शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी पुण्यात सॉफ्टवेअरची, घर धुळ्याचं. आमच्या नात्यातल्या एका खालाचा मुलगा आज चाळिशीला आलाय. गेली अठरा वर्षं त्याला स्किझोफ्रेनिया आहे. खालाच्या परवानगीनंच हे सांगतोय, नाव मात्र सांगणार नाही. तिच्यामुळे धुळे-जळगावातल्या अशा आणखी काही आयांशी माझं बोलणं होत गेलं. कुणाची मुलगी आजारी आहे, कुणाचा मुलगा. मुलं आता मुलं राहिलेली नाहीत, तीस-पस्तीस-चाळीस वर्षांची झालीत. आया साठीच्या पुढे गेल्यात.

आज या सभागृहात त्यांच्यातली एकही नाही. बोलावलं होतं. पण दोन तास घराबाहेर पडायचं तर मुलाजवळ कोण बसणार, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नाही. मी आज याच एका प्रश्नावर बोलणार आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांत किती घरं?

आधी आकडा बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण तीनशे माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया असतो. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर होती, धुळे जिल्ह्याची २० लाखांवर. ६२ लाखांना तीनशेनं भागा. उत्तर वीस हजारांच्या वर येतं. हा अंदाज आहे, मोजणी नाही. शिवाय यात बायपोलर आजार धरलेला नाही, तीव्र नैराश्यही धरलेलं नाही. म्हणजे हा आकडा फुगवलेला नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. तीव्र मानसिक आजार असलेल्या दर चारपैकी जवळजवळ तिघांना उपचार मिळत नाहीत, असं त्यात दिसलं. मग हे तिघं आहेत कुठे? घरात आहेत. आपल्या राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. खान्देशात एकही नाही. रावेरहून किंवा साक्रीहून आजारी माणसाला घेऊन निघायचं तर अख्खी रात्र प्रवासात जाते. म्हणून आपल्याकडे घर हेच मनोरुग्णालय असतं. तिथली नर्स, वॉर्डबॉय, स्वयंपाकी आणि चौकीदार एकच असते, ती म्हणजे आई.

हे काम नेमकं काय असतं

बाहेरून पाहताना आपल्याला फक्त 'बिचारी' दिसते. काम दिसत नाही, म्हणून सांगतो.

सकाळी गोळी द्यायची. मुलगा म्हणतो, तुम्ही मला विष देताय. मग समजूत घालायची, मग विनवणी, मग कधी गुपचूप वरणात मिसळायची. गोळी खरंच गिळली की गालात दाबून ठेवली, ते बघायचं. अंघोळीसाठी दोन दोन तास मागं लागायचं. चाकू, कात्री, फिनेल सगळं पेटीत घालून किल्ली कमरेला लावायची. कांदा चिरायचा असला की पेटी उघडायची, चिरून झाला की परत बंद करायची. शेजारी तक्रार घेऊन आले की हात जोडायचे. तो तास-दोन तास दिसला नाही तर बसस्टँड, स्टेशन, कब्रस्तान सगळीकडे शोधायचं. आणि हे सगळं करताना त्याच्यावर चिडायचं नाही, कारण चिडलं तर तो आणखी बिघडतो हे तिला अनुभवानं माहीत झालेलं असतं.

रात्र वेगळी. तो येरझाऱ्या घालतो, न दिसणाऱ्या कुणाशी तरी बोलतो. कडी वाजली की ती उठते. जळगावातल्या एका आईनं मला सांगितलं, ती दाराच्या आत, उंबऱ्यालगत चटई टाकून झोपते. तो बाहेर पडायला निघाला तर त्याला तिच्या अंगावरून जावं लागेल आणि तिला जाग येईल. किती वर्षं असं झोपताय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मोठीचं लग्न झालं तेव्हापासून." मोठीच्या मुली आता कॉलेजात आहेत.

धुळ्यात यंत्रमागावर रातपाळी करणाऱ्याला सकाळी सुट्टी होते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही रातपाळीसारखा प्रकार असतो, त्याला ऑन-कॉल म्हणतात. रात्री सिस्टीम बंद पडली तर ज्याचा फोन वाजेल त्यानं उठायचं. पण ही जबाबदारी आम्ही आळीपाळीनं घेतो. त्याच्या मागे दुसरा बदली माणूस ठेवलेला असतो. काय बिघडलं, काय केलं, हे लिहून पुढच्याच्या हातात दिलं जातं. यात दयामाया काही नाही, सरळ हिशेब आहे. थकलेला माणूस चुका करतो आणि कंपनीला त्या चुका महाग पडतात. एका बँकेच्या सर्व्हरसाठी जी काळजी घेतली जाते, ती आपण आपल्या अम्मीसाठी घेत नाही. ती अठरा वर्षं एकटी ऑन-कॉल आहे.

या दुःखाला कुणी डबा पाठवत नाही

आपल्या मोहल्ल्याची एक चांगली रीत आहे. कुणाच्या घरी मय्यत झाली की त्या घरात चूल पेटू देत नाहीत. शेजारी, नातेवाईक जेवण घेऊन येतात. तीन दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. दुःख झालेल्या माणसानं स्वयंपाक करू नये, त्यानं रडावं आणि बाकीच्यांनी काम करावं, ही समज आपल्यात मुरलेली आहे.

आता या आईचं बघा. तिचा मुलगा बारावीला चांगल्या मार्कांनी पास झालेला. आयटीआय किंवा डिप्लोमाला गेलेला. हा आजार पुरुषांमध्ये बहुतेक वेळा सतरा-अठरा ते पंचविशीच्या दरम्यानच डोकं वर काढतो. म्हणजे ज्या वयात मुलगा हाताशी यायचा, त्याच वयात तो तिच्या हातून निसटतो. तो समोर बसलाय, जेवतोय, पण जो मुलगा तिनं वाढवला तो तिथं नाही. अमेरिकेतल्या पॉलिन बॉस या अभ्यासिकेनं अशा दुःखाचा आयुष्यभर अभ्यास केला: माणूस जिवंत आहे आणि तरी हरवलेला आहे, असं दुःख. ते संपत नाही, कारण त्याला शेवट नसतो. त्यासाठी फातेहा नाही, जियारत नाही, दिवस मोजणं नाही. आणि त्यासाठी कुणी डबाही पाठवत नाही. उलट लोक यायचे थांबतात. लग्नाचं आमंत्रण येतं, पण 'त्याला घेऊन येऊ नका' असं न बोलता कळवलं जातं. मग तीही जात नाही.

एक गोष्ट या आया कुणाला सांगत नाहीत. विश्वास बसला तर हळूच सांगतात. त्या दुआ मागतात की या लेकराला माझ्या आधी ने. मीही हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. ही दुआ मागून झाल्यावर ती रात्रभर तौबा करत बसते. पोटच्या पोराच्या मरणाची दुआ आई का मागते, हा प्रश्न तिला विचारू नका. तो आपल्याला विचारायचा आहे. ती म्हणतेय की माझ्यानंतर याला कुणी विचारणार नाही, याची मला खात्री आहे. तिचा तिच्या लेकरावरचा विश्वास उडालेला नाही. तो आपल्यावरचा उडालाय.

दोष आईचा?

मुलगा आजारी पडला की पहिलं बोट आईकडे जातं. लाडानं बिघडवलं. तरबियत नीट दिली नाही. गरोदरपणात कुठं जाऊन आली होती. शास्त्रानंही हा गुन्हा केलेला आहे. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान या नावाजलेल्या मनोविश्लेषक बाईंनी, स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई, अशा अर्थाचा शब्द वापरला. थंड, हुकूमत गाजवणाऱ्या आईमुळे हा आजार होतो, असं पुढची दोन-तीन दशकं डॉक्टर आयांना तोंडावर सांगत राहिले. ती कल्पना पुराव्यावर टिकली नाही आणि टाकून दिली गेली. या आजारात आनुवंशिकता आहे, मेंदूच्या रसायनांचा वाटा आहे, गर्भातल्या आणि जन्मावेळच्या अडचणींचा, लहानपणच्या आघातांचा, गांजासारख्या नशेचा वाटा असू शकतो. आईच्या वाढवण्यानं हा आजार होत नाही. शास्त्रानं हा आरोप मागे घेऊन कित्येक वर्षं झाली. मोहल्ल्यानं अजून घेतलेला नाही.

'नमाज पढत नाही म्हणून असं झालं' हेही ऐकायला मिळतं. फिक्हमधलं तत्त्व तर सरळ आहे: ज्याची अक्कल ठिकाणावर नाही त्याच्यावर नमाज-रोज्याची जबाबदारीच नाही. ज्याला दीन सूट देतो त्याला आणि त्याच्या आईला आपण दोषी ठरवतो.

आणि सब्र. तिच्याकडे येणारा प्रत्येक जण 'सब्र करो' म्हणून चहा पिऊन निघून जातो. मी सब्राच्या विरोधात बोलत नाही. पण हजरत याकूब अलैहिस्सलाम यांचा किस्सा आपण सगळ्यांनी ऐकलाय. युसुफच्या विरहात रडून रडून त्यांची दृष्टी गेली. त्यांनी आपलं दुःख अल्लाहपुढे बोलून दाखवलं. तरीही त्यांचा सब्र सुंदर सब्र म्हणूनच ओळखला जातो. म्हणजे रडणं, थकणं, मला सहन होत नाही असं म्हणणं हे सब्राच्या उलट नाही. आणि सब्र हा तिनं स्वतः करायचा असतो, आपण तिला नेमून द्यायचा नसतो. आपण मदतीला जायचं टाळतो आणि त्या टाळण्याला तिचा सब्र असं नाव देतो.

पस्तीस तासांचा हिशेब

आता जो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो सांगतो.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्न विचारला: दवाखान्यातून बरे होऊन घरी गेलेल्या काही रुग्णांचा आजार परत उलटतो, काहींचा नाही, असं का? १९७२ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. ज्या घरांत रुग्णावर सतत टीका होते, राग असतो, किंवा कुणीतरी त्याच्यात जिवापलीकडे गुंतून त्याच्याभोवती सारखं फिरत असतं, अशा घरांत नऊ महिन्यांत ५८ टक्के रुग्णांचा आजार उलटला. बाकीच्या घरांत १६ टक्के. पुढे १९७६ मध्ये क्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट ठळक झाली. अशा तणावाच्या घरांतही रुग्ण आणि तो नातेवाईक आठवड्याला पस्तीस तासांपेक्षा कमी वेळ समोरासमोर असतील तर धोका बराच कमी होतो. औषध चालू असेल तर आणखी कमी.

याचा अर्थ आईला पुन्हा दोष द्यायचा असा काढू नका. दिवसरात्र एकटीनं सांभाळणारं माणूस चिडणारच, नाहीतर गुंतून जाणारच. हा तिचा स्वभाव नाही, थकवा आहे. ऐंशीच्या दशकात याच पद्धतीनं चंदीगड भागात पाहणी झाली, तेव्हा आपल्या कुटुंबांत लंडनपेक्षा टीका बरीच कमी आढळली. म्हणजे आपली घरं मुळात वाईट नाहीत. जिथं सांभाळायला चार माणसं होती तिथं ओझं वाटलं जात होतं. पण आता तांबापुऱ्यातल्या किंवा धुळ्याच्या यंत्रमाग भागातल्या एका खोलीच्या घरात चार माणसं कुठं उरलीत? बाप कामावर, थोरला सुरतेला, धाकटा पुण्याला. आठवड्याचे एकूण तास १६८. एका खोलीत आई आणि आजारी मुलगा. अभ्यास पस्तीस तासांची मर्यादा सांगतो, ती मात्र त्याच्या कितीतरी पट तास त्याच्यासमोर असते.

म्हणून मी म्हणतो, आईला दिलेली विश्रांती ही तिच्यावर केलेली मेहरबानी नाही, तो मुलाच्या उपचाराचा भाग आहे. तुम्ही त्याला रविवारी तीन तास मेहरूण तलावावर फिरायला नेलंत, तर आईला झोप मिळते आणि त्या दोघांमधला ताणही तीन तास कमी होतो. पुण्यात किंवा दुबईत बसून दर महिन्याला पैसे पाठवणारे भाऊ इथं ऐकत असतील. पैसे लागतातच, ते थांबवू नका. पण मोबाइलवरून पाठवलेल्या पैशानं तिची एकही रात्र कमी होत नाही. आणि भावाच्या बदली बहिणीचं कॉलेज सोडवून तिला घरी बसवणं, हेही उत्तर नाही. अनेक घरांत नेमकं तेच घडतं.

दवा आणि दुआ

आपल्याकडे बहुतेक आया आधी दर्ग्यावर जातात. मी त्यांची टिंगल करणार नाही. तिथं त्यांना कुणी वेडी म्हणत नाही, तिथं बसून रडता येतं. पण तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याच्या परिसरात चाललेल्या एका खासगी आश्रयगृहाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. २८ जण मेले. त्यांनाही घरच्यांनी बरं होण्याच्या आशेनंच तिथं ठेवलं होतं.

दुसरं उदाहरण शेजारच्या गुजरातचं. उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात २००८ च्या सुमारास 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला. दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसतात. मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं जातं आणि ते स्वतःच सांगतात की दुआ कर आणि तिथं जाऊन गोळीही घे. आईला दोनपैकी एक निवडायला लावलेलं नाही. आणि हे आपल्या परंपरेला परकं नाही. दमास्कसच्या नूरी बीमारिस्तानात बाराव्या शतकात मनाच्या आजारांवर उपचार होत. अबू झैद अल-बल्खी यांनी त्याच्याही दोनशे वर्षं आधी शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. कारण असलेलं दुःख वेगळं आणि कारणाशिवाय येणारं दुःख वेगळं, हे त्यांनी मांडलं होतं.

मात्र कुणी 'जिन काढतो' म्हणून मारहाण करत असेल, बांधून ठेवत असेल, तर तो महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तिथं गप्प बसू नका.

'निकाह करून द्या, ठीक होईल'

हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की त्यावर बोललंच पाहिजे. निकाहानं स्किझोफ्रेनिया बरा होत नाही. होतं एवढंच की आजार लपवून एक मुलगी घरात आणली जाते आणि सासूची रातपाळी सुनेच्या गळ्यात पडते. ती मुलगीही कुणाची तरी लेक आहे. फसवणुकीनं झालेलं ते लग्न मोडतं आणि मुलाचा आजार जास्त उलटतो. नवरा दोन वर्षं मनोरुग्ण असेल तर पत्नीला न्यायालयातून निकाह संपवून घेण्याचा हक्क १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यानं दिलेला आहे. आजारी माणसानं लग्न करूच नये, असं मी म्हणत नाही. औषधावर स्थिर असलेले कित्येक जण संसार करतात. पण आधी सगळं सांगून, समोरच्या मुलीची समजून दिलेली संमती घेऊन.

आजारी मुलीच्या आईचं दुखणं तर याहून खोल आहे. तिला मुलगी घराबाहेर गेली तर काय होईल याची वेगळीच भीती असते. सासरनं परत पाठवलेली लेक, तिची मुलं सासरी ठेवून घेतलेली, आणि म्हातारी आई तिचे कपडे बदलतेय, अशी घरं आपल्या आसपास आहेत. ती कुणाला दिसत नाहीत, कारण दार बंद असतं.

हक्क माहीत करून घ्या

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा. सरकारी दवाखान्यात मानसिक उपचार मिळणं हा हक्क आहे आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला ते मोफत मिळाले पाहिजेत. रुग्णाला साखळीनं बांधायला पूर्ण बंदी आहे. रुग्ण आपला एक प्रतिनिधी नेमू शकतो, तो उपचारांच्या निर्णयात त्याला मदत करतो. ती व्यक्ती आईच असायला पाहिजे असं नाही, भाऊ किंवा चुलतभाऊही चालतो. आणि मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेला माणूस आढळला तर त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे, कोठडीत टाकणं नाही.

धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे मनोविकार विभाग आहे. गोळी लपवून देण्याची वेळ येत असेल तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही असतात आणि रोजची झटापट वाचू शकते. २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथं मराठीतून बोलता येतं. तो फक्त रुग्णासाठी नाही. रात्री दोन वाजता आईला रडावंसं वाटलं तर तिनंही लावावा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. सरकारी वैद्यकीय मंडळ तपासून टक्केवारी ठरवतं आणि प्रमाणपत्र देतं. ४० टक्क्यांच्या पुढे असेल आणि उत्पन्न अटीत बसत असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेला अर्ज करता येतो. हा अर्ज ऑनलाइन भरणं, स्कॅन करणं, तारखेला रांगेत उभं राहणं हे साठ वर्षांच्या बाईनं का करावं? आपण रोज दहा फॉर्म भरतो.

आपण काय करायचं

'शुभंकर' हा शब्द तुम्ही ऐकलाय का? मानसिक आजार असलेल्या माणसाला 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणाऱ्याला 'शुभंकर', असे शब्द मराठीत रुजले आहेत. हे शब्द वापरणाऱ्यांपैकी एक आहे पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन. ती १९९७ मध्ये सुरू करणारे डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे आपल्या धुळ्याचे. ते कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. 'देवराई' हा चित्रपटही याच संस्थेच्या पुढाकारातून झाला. धुळ्याच्या एका गणिती माणसानं घरातलं दुखणं लपवलं नाही, त्यातून इतरांसाठी काम उभं केलं. पुण्यात शुभंकर एकत्र बसतात, बोलतात. जळगावात, धुळ्यात आपल्या भाषेत, आपल्या मोहल्ल्यात असं बसणं का होऊ नये?

मी तीनच कामं सांगतो.

पहिलं, पाळ्या लावा. एका घरासाठी चार तरुण, आठवड्यातून एकदा प्रत्येकी तीन तास. मुलींसाठी मुली. त्याच्याबरोबर कॅरम खेळा, चालायला न्या, गप्प बसा, काही करू नका. आई काय करेल ते तिला ठरवू द्या. बहुतेकींनी मला एकच सांगितलं: झोपेन.

दुसरं, एक वही करा. औषधाचं नाव, डोस, डॉक्टर, मागच्या वेळी आजार उलटण्याआधी कोणती लक्षणं दिसली, तो कशानं शांत होतो. हे सगळं आज फक्त आईच्या डोक्यात आहे. ती उद्या बीपीनं दवाखान्यात पडली तर कुणालाच काही माहीत नसेल.

तिसरं, महिन्यातून एकदा या आयांना एकत्र बसवा. एखाद्या शाळेची खोली, मदरशाची खोली, कुणाचं अंगण पुरेल. हिंदू, बौद्ध, तडवी, सगळ्या आयांना बोलवा. या आजाराला जात-धर्म नाही आणि या आयांची भाषा एकच आहे. भाषण ठेवू नका. चहा ठेवा, आणि त्या वेळी त्यांच्या मुलांजवळ तुम्ही बसा, नाहीतर त्या येऊच शकणार नाहीत.

'माझ्यानंतर याचं काय?'

शेवटचं. हा प्रश्न प्रत्येक आई विचारते आणि घरातले सगळे विषय बदलतात. तो बदलू नका. ती हयात असतानाच भावंडांनी बसून ठरवा. औषध कोण आणेल, तो कुठं राहील, खर्च कोण उचलेल. घराचा प्रश्न असेल तर लक्षात ठेवा, आपल्याकडच्या हनफी पद्धतीत मृत्युपत्रानं एका वारसाला जास्तीचं देता येत नाही, बाकीच्या वारसांनी संमती दिली तरच ते टिकतं. हयातीत हिबा करता येतो, पण ताबाही द्यावा लागतो. वकिलाला विचारा, कागद करा. जी भावंडं आजारी भावासाठी आपल्या हिश्श्याची संमती देतील, ती आईला कुठल्याही हजपेक्षा कमी आनंद देणार नाहीत, असं मला वाटतं.

आणि जे ठरेल ते तिच्या समोर, मोठ्यानं बोलून सांगा. तिला ते ऐकायचं आहे. तिनं रात्री मागितलेली ती दुआ थांबवायची असेल तर मला दुसरा उपाय दिसत नाही.

बाहेर टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. जळगावच्या सहा आणि धुळ्याच्या पाच आयांनी, आमच्या घरी कुणी आलं तर चालेल, असं सांगितलंय. ज्याला पाळी घ्यायची आहे त्यानं नाव, मोहल्ला आणि कोणता वार जमेल ते लिहा. जमणार नसेल तर लिहू नका, त्यांनी वाट पाहत बसू नये.

प्रश्न असतील तर घेऊ.